प्रतिकारशक्तीचे वेळापत्रक

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाचे पहिले पाणी साचले की मुंबईत तापाची साथ आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला, दोन्ही बरोबरच सुरू होतात. औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या बाटल्या पुढे मांडल्या जातात, सोसायटीच्या गटावर काढ्याच्या कृती फिरतात. सांगणारे बहुतेक जण काळजीपोटीच सांगतात. गफलत ‘वाढवा’ या शब्दात आहे. जणू प्रतिकारशक्ती गच्चीवरच्या टाकीत भरून ठेवायची वस्तू आहे आणि टाकी भरली की कोणताही रोग आला तरी चिंता नाही!

जी प्रतिकारक्षमता माणसाला एखाद्या रोगापासून वर्षानुवर्षे, कधी जन्मभर वाचवते, ती रोगागणिक वेगळी असते. गोवराविरुद्धची धनुर्वाताला उपयोगी नाही. डेंग्यूच्या एका प्रकाराविरुद्धची दुसऱ्या प्रकाराला पुरत नाही. शास्त्रात तिला विशिष्ट प्रतिकारक्षमता म्हणतात. ती तयार व्हायला ठरावीक दिवस लागतात. हा दिवसांचा हिशेब ठाऊक नसल्यामुळे रक्ततपासणी भलत्याच दिवशी होते, कुत्रा चावल्यावर अर्धाच उपचार होतो, बाळाचा डोस लांबतो आणि मग कार्ड कपाटात पडून राहते. तो हिशेब वाचकांपुढे मांडावा म्हणून हे पत्र.

शरीराच्या बचावाच्या दोन फळ्या आहेत. पहिल्या फळीबद्दल थोडक्यात. त्वचा, नाकातला शेंबूड, जठरातले आम्ल आणि जंतू दिसताच गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी काही मिनिटांत ते तासांत कामाला लागतात. पण या फळीला जंतूंमधला फरक ढोबळच कळतो, आणि तोच जंतू दहाव्यांदा आला तरी ती जवळपास पहिल्या वेळेसारखीच लढते. लक्षात ठेवणे हे दुसऱ्या फळीचे काम.

दुसरी फळी कशी कामाला लागते हे पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. पायाच्या बोटाची जखम पिकली की जांघेत दुखरी गाठ येते. आपल्याकडे तिला अवधाण म्हणतात. ही गाठ म्हणजे फुगलेली लसीका ग्रंथी. जखमेपाशी पहारा देणाऱ्या, फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी जंतूचे तुकडे उचलतात आणि लसीकावाहिन्यांतून साधारण दिवसभरात या ग्रंथीत येतात. तिथे लसीकापेशी नावाच्या पांढऱ्या पेशींची अखंड ये-जा चालू असते. प्रत्येक लसीकापेशीच्या अंगावर ग्राहक, म्हणजे एकाच आकाराला चिकटणारे प्रथिनांचे आकडे असतात. शरीरात अशा पेशी एक लाख कोटींच्या घरात, पण एखाद्या नव्या जंतूचा नेमका तुकडा ओळखणारी लाखात एखादीच. ती सापडेपर्यंत वेळ जातो. सापडली की ती दुभंगू लागते, भर जोरात असताना दिवसाला दोन ते चार वेळा. दहा वेळा दुभंगली की एकीच्या १,०२४ होतात, वीस वेळा दुभंगली की दहा लाखांवर जातात. या गर्दीने ग्रंथी ताणते आणि दुखते. जखमेवर इलाज करावा. गाठ मात्र चोळू नये, चेपू नये.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यात जांघेत आणि काखेत उठणारी गाठ हीच. फरक एवढाच की तिथे जंतूच ग्रंथीत शिरून वाढत, आणि पेशींची तयारी पुरी व्हायच्या आत माणूस हातचा जाई. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि त्यांची लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. खरा जंतू येण्याआधीच मेलेल्या जंतूवर पेशींची तालीम व्हावी हा हेतू. परळची हाफकिन संस्था याच कामातून उभी राहिली.

इतक्या तऱ्हेचे ग्राहक शरीर बनवते कसे, हा प्रश्न शास्त्रज्ञांना बराच काळ छळत होता, कारण तितकी जनुके आपल्याकडे नाहीतच. उत्तर जपानी शास्त्रज्ञ सुसुमु टोनेगावा यांनी दिले आणि त्यासाठी त्यांना १९८७ चे नोबेल मिळाले. लसीकापेशी घडताना ग्राहकाच्या जनुकाचे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात आणि प्रत्येक पेशीच्या वाट्याला वेगळा डाव येतो. अशा आंधळ्या पिसण्यातून स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या पेशीही निपजतात. लसीकापेशींची टी पेशी नावाची जात छातीच्या हाडामागे, थायमस ग्रंथीत घडते आणि तिची गाळणी तिथेच होते. शंभरातल्या जेमतेम दोन-चार टी पेशी तिथून बाहेर सोडल्या जातात, बाकीच्या तिथेच संपतात. थायमसला मराठीत यौवनलोपी ग्रंथी असे नाव आहे. तारुण्यात आल्यावर ती आक्रसत जाते हे नावातच सांगितलेले आहे. म्हातारपणी नव्या रोगाला शरीर सावकाश उत्तर देते, त्याचे हे एक कारण.

टी पेशींत दोन मुख्य जाती. मारक टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशीला गाठतात, तिच्या आवरणाला भोके पाडून आत विकरे सोडतात आणि तिला आत्मनाशाला लावतात. मदतनीस टी पेशी स्वतः कोणाला मारत नाहीत, पण त्यांच्या संमतीशिवाय बाकीच्यांचे काम धड चालत नाही. एचआयव्ही नेमका यांच्यावर घाला घालतो. एरवी रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या ५०० ते १,५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की क्षयासारखा दबून असलेला जंतू डोके वर काढतो. लसीकापेशींची दुसरी जात बी पेशींची. त्यांचे काम प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला चिकटून त्याला अडवणारी प्रथिने बनवण्याचे. पूर्ण तयार झालेली एक पेशी सेकंदाला सुमारे दोन हजार प्रतिपिंडे रक्तात सोडते. आधी आयजीएम जातीची येतात, ती घाईची. मग ग्रंथीत काही आठवडे निवड चालते. बी पेशी आपल्या जनुकांत बारीक बदल करत राहतात, जिची पकड घट्ट तिलाच मदतनीस पेशी पुढे जाऊ देतात, आणि त्यातून घट्ट पकडीची, टिकाऊ आयजीजी प्रतिपिंडे तयार होतात. काही पेशी स्मृतिपेशी म्हणून उरतात. तोच जंतू पुन्हा आला की आठवड्याचे काम दोन-तीन दिवसांत होते, आणि बहुधा माणसाला पत्ताही लागत नाही.

आता तापाच्या तपासणीकडे येतो. डेंग्यूसाठी दोन वेगळ्या गोष्टी तपासतात आणि लोक त्यांना एकच समजतात. एनएस१ हा विषाणूचाच प्रथिन-अंश. तो तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत चांगला सापडतो. आयजीएम ही शरीराने विषाणूला उत्तर म्हणून बनवलेली प्रतिपिंडे. ती चौथ्या-पाचव्या दिवसाच्या आधी सहसा नसतातच, कारण वर सांगितलेले सगळे काम व्हायला तेवढे दिवस जातात. दुसऱ्या दिवशी आयजीएम तपासून ‘निगेटिव्ह’ आले म्हणजे डेंग्यू नाही, असा अर्थ होत नाही. लेप्टोचेही, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचेही तसेच. गुडघाभर पाण्यातून गेल्यावर ताप आला तर प्रतिपिंडांच्या अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांना पाण्याबद्दल आधी सांगावे. म्हणून प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर ‘तापाचा कितवा दिवस’ हे लिहिलेच पाहिजे. ताप केव्हा चढला ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवले तरी पुरे.

टायफॉइडच्या विडाल तपासणीने तर मुंबईत किती जणांना नको ती प्रतिजैविके गिळायला लावली असतील! ही तपासणी जंतू शोधत नाही, जंतूविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. पहिल्या आठवड्यात ती पुरेशी नसतात, त्यामुळे खरा टायफॉइड सुटतो. आणि मागे कधी होऊन गेलेला टायफॉइड, घेतलेली लस किंवा जवळच्या नात्याचा दुसरा एखादा जंतू यांची प्रतिपिंडे रक्तात असतील, तर मलेरियाच्या रुग्णालाही ‘टायफॉइड पॉझिटिव्ह’ कागद मिळतो. पहिल्या आठवड्यात, प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी रक्ताचे कल्चर करणे, म्हणजे रक्तातला जंतूच वाढवून पाहणे, हा योग्य मार्ग. याच कारणाने क्षयासाठी रक्तातली प्रतिपिंडे शोधणाऱ्या संचांवर भारत सरकारने २०१२ साली बंदी घातली. क्षयाचा जंतू पेशींच्या आत राहतो, त्याच्याशी टी पेशी लढतात, रक्तातल्या प्रतिपिंडांवरून काही खात्रीने कळत नाही.

डेंग्यूबद्दल आणखी एक गोष्ट, कारण तिथे स्मृती उलटते. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, इतर तिघांपासून मात्र फार तर काही महिने. पुढे वेगळ्या प्रकाराचा विषाणू आला तर जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. उलट त्यांना धरूनच तो पांढऱ्या पेशींत सहज शिरतो आणि जोमाने वाढतो. ‘मला एकदा होऊन गेलाय’ म्हणणाऱ्याने म्हणूनच अधिक जपायचे. धोक्याची वेळही फसवी आहे. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमक्या त्या २४ ते ४८ तासांत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपायला लागतो. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, ग्लानी, लघवी कमी होणे, यातले एक जरी दिसले तरी ताप नाही म्हणून घरी थांबू नये. अंगदुखीसाठी अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढतो.

दिवसांचा हिशेब जिथे जीवनमरणाचा ठरतो, तो प्रसंग कुत्रा चावण्याचा. रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूत शिरतो आणि तंतूच्या आतून मेंदूकडे सरकतो. त्याला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात, पण एकदा मज्जातंतूत गेला की लसीकापेशींना तो दिसतच नाही. म्हणून तो जखमेत असेपर्यंतच गाठायचा. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे, घड्याळ लावून धुवावी. हळद, तिखट, चुना, तेल काही लावू नये. लस त्याच दिवशी सुरू करावी. पण लस म्हणजे तालीम; तिच्यातून पुरेशी प्रतिपिंडे यायला ७ ते १४ दिवस लागतात. हे मधले दिवस उघडे राहतात. ते भरून काढायला तयार प्रतिपिंडे देतात, त्यांना इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. रक्त आले असेल, किंवा फुटलेल्या त्वचेवर वा तोंडा-डोळ्यांच्या आतल्या त्वचेवर लाळ लागली असेल, तर ती हवीतच. मात्रा वजनावर ठरते. माणसाच्या रक्तापासून केलेली असतील तर किलोमागे २० एकके, घोड्याच्या रक्तापासूनची असतील तर ४०. ती जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. दुखते, पण विषाणू तिथेच असतो. लसीच्या सुईत किंवा लसीच्या जागी ती टोचत नाहीत, नाहीतर दोन्ही एकमेकांना निकामी करतात. लसीच्या पहिल्या डोसापासून सात दिवस उलटले की ती देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची येऊ लागलेली असतात आणि बाहेरून घातलेली त्यांच्या आड येतात.

लसीच्या तारखा दंडाच्या स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४ आणि २८ वा दिवस. त्वचेच्या थरात देत असतील तर ०, ३, ७ आणि २८, प्रत्येक वेळी दोन जागी. बहुतेक लोक इथेच चुकतात. तीन सुया झाल्या, कुत्राही गल्लीत फिरताना दिसला, की कामावर जायच्या गडबडीत २८ वा दिवस राहून जातो. पूर्ण केलेल्या मालिकेचे कागद जपून ठेवावेत. पुढे पुन्हा कुत्रा चावला तर एरवी धडधाकट माणसाला ० आणि ३ अशा दोनच दिवशी डोस लागतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. कारण स्मृतिपेशी तयार असतात. जखम मात्र तेव्हाही तशीच १५ मिनिटे धुवायची.

धनुर्वाताचे इंजेक्शन याच्या अगदी उलट, गरजेपेक्षा जास्त घेतले जाते. दर खरचटण्याला ते लागत नाही. लहानपणीचे सगळे डोस झालेल्याला साध्या, स्वच्छ जखमेसाठी दहा वर्षे आणि मातीने माखलेल्या खोल जखमेसाठी पाच वर्षे मागचा डोस पुरतो. वरचेवर टोचत राहिल्यास आधीची भरपूर प्रतिपिंडे आणि नवी लस त्या जागीच एकमेकांना भिडतात आणि दंड कोपरापर्यंत सुजतो. ज्याने आयुष्यात कधी लस घेतली नाही, त्याला घाण जखमेनंतर नुसती लस त्या वेळी वाचवू शकत नाही, तयार प्रतिपिंडेही द्यावी लागतात. आणि धनुर्वातातून वाचलेल्यालाही लस द्यावीच लागते, कारण जेवढे विष माणूस मारते, तेवढे लसीकापेशींना शिकवायला अपुरे पडते.

बाळाच्या कार्डावरच्या तारखाही कोणी मनाने ठरवलेल्या नाहीत. आईची आयजीजी प्रतिपिंडे गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत वारेतून बाळात उतरतात, म्हणून गरोदर बाईला टीडीचे, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने देतात. पहिल्या चिकाच्या दुधातून आयजीए जातीची प्रतिपिंडे मिळतात, ती आतड्याला अस्तरासारखी जपतात. तो चीक पिळून टाकू नये. पण आईची हीच प्रतिपिंडे गोवराच्या लसीतल्या जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूलाही संपवून टाकतात. ती ओसरेपर्यंत थांबावे लागते, म्हणून गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. तेव्हाही शंभरातल्या साधारण पंधरा बाळांत तो लागू पडत नाही, म्हणून १६ ते २४ महिन्यांत दुसरा. पहिल्यात सुटलेल्यांना गाठणे हे या दुसऱ्या डोसाचे मुख्य काम आहे. २०२२ च्या अखेरीस गोवंडी भागात गोवराची साथ पसरली, मुले दगावली. तेव्हा सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जादा डोस द्यायचे ठरले. तो डोस हिशेबात धरायचा नसतो, पुढचे दोन्ही घ्यावेच लागतात. घरात गोवराचा रुग्ण निघाला आणि लस न झालेले मूल असेल, तर संपर्कानंतर ७२ तासांच्या आत दिलेली लसही बऱ्याचदा वाचवते, कारण खऱ्या गोवरापेक्षा लसीची तालीम लवकर पुरी होते.

गोवराला अनेक घरांत अजूनही ‘येऊन जाऊ दे’ म्हणतात. कळकळीची विनंती, असे म्हणू नका. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींनाच मारतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोवरानंतर मुलांची इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली. मूल गोवरातून उठते, पण आधी शिकलेले पुसले गेल्यामुळे पुढे न्यूमोनियाने आणि जुलाबाने खंगते.

सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस का, तर दोन डोसांत चार आठवड्यांचे अंतर हवे. ग्रंथीतली निवड पुरी होण्याआधी पुढचा डोस दिला तर घट्ट पकडीच्या पेशी हाती लागत नाहीत. उशीर झाला तर मात्र पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. राहिला असेल तिथून पुढे जायचे, स्मृतिपेशी वाट पाहतात. गावी गेल्याने डोस चुकला म्हणून लाजून आरोग्य केंद्रात न जाणाऱ्या आयांना हे कोणीतरी सांगायला हवे. याच लसीत हिब नावाच्या जंतूच्या साखरेच्या कवचाचा तुकडा प्रथिनाला जोडलेला असतो. दोन वर्षांखालच्या बाळाला नुसती साखर ओळखता येत नाही. प्रथिन जोडले की मदतनीस टी पेशी ते पकडतात आणि साखर ओळखणाऱ्या बी पेशीला हुकूम मिळतो. न्यूमोकोकसच्या लसीतही हीच युक्ती.

लस बिघडते ती बहुधा उन्हाने, असे सगळे धरून चालतात. काही लसी गोठूनही बिघडतात. पेंटाव्हॅलंट, डीपीटी, टीडी, कावीळ-बी या लसींत अॅल्युमिनियमचे क्षार असतात. नुसता निरुपद्रवी तुकडा पाहून पेशी जाग्या होत नाहीत, धोक्याची खूणही लागते, ती हे क्षार देतात. गोठले की त्यांच्या गुठळ्या होतात आणि वितळल्यावर कुपी दिसायला ठीक असली तरी गुण गेलेला असतो. तापमान २ ते ८ अंशांतच हवे. खासगी दवाखान्यात लस घरगुती फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेली दिसली तर पालकांनी विचारायला कचरू नये. गोवर-रुबेला आणि क्षयाची बीसीजी या लसी सोबतच्या द्रवात कालवल्यावर चार तासांत वापरायच्या, उरलेल्या टाकायच्या; त्यांत जंतुरोधक नसते आणि उघड्या कुपीत वाढलेले जंतू बाळाच्या जिवावर बेततात. बीसीजीच्या जागी दोन-तीन आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, दोन-तीन महिन्यांत सुकून व्रण राहतो. त्यावर मलम लावू नये.

काढ्याने घसा शेकतो, बरे वाटते, अवश्य घ्यावा. त्याने लसीकापेशी काही शिकत नाहीत. पुरेसे अन्न मात्र खरेच लागते, कारण प्रतिपिंडे प्रथिनांचीच असतात. अ जीवनसत्त्व नऊ महिन्यांना एक लाख एकके आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख एकके पालिकेच्या केंद्रांत आणि अंगणवाडीत मिळते, ते चुकवू नये. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि सल्ल्याशिवाय घेतलेली स्टिरॉइड्स या बचावाला आतून पोखरतात.

आपल्या वृत्तपत्रात दर पावसाळ्यात पालिकेने दिलेले डेंग्यू, मलेरिया, लेप्टोचे आकडे चौकटीत येतात. त्या चौकटीखाली तीन ओळींची जागा द्यावी: कोणती तपासणी तापाच्या कितव्या दिवशी, कुत्रा चावल्यावरच्या तारखा, आणि बाळाच्या डोसांचे आठवडे. कात्रण फ्रिजच्या दाराला चिकटवता येईल एवढ्या टायपात छापावे, आणि लसीकरण कार्डाचा फोटो आईबरोबर घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये असावा, हेही त्यातच लिहावे.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे दोन अध्यापक,
परळ, मुंबई